आखाजीचा मुराळी आणि समुद्राचा सीझन

आमच्या गावात समुद्र पाहिलेला पहिला माणूस मी, आणि या गोष्टीचा मी जितका फायदा घेतला तितका फायदा कुणी पाटीलकीचाही घेतला नसेल. पारावर बसून मी सांगायचो, आपली तापी पुरात रेल्वेच्या पुलाला चाटून जाते, गावंच्या गावं पोटात घेते, पण डुमसजवळ समुद्रात पडते तेव्हा समुद्र नुसता कूस बदलतो आणि विचारतो, कोण आलं? तिथले खेकडे एवढे की पोलीस त्यांच्यावर बसून गस्त घालतात. तिथली वाळू इतकी काळी की भर दुपारी कंदील घेऊन चालावं लागतं. माणसं तोंडं उघडी टाकून ऐकायची. डुमसची वाळू काळी आहे, एवढं मात्र खरं. माझ्या प्रत्येक गोष्टीत असा एखादा खडा खरा असायचा, बाकी सगळी भिंत मी रचायचो.

पण समुद्र पाहायला म्हणून मी कधी गेलोच नाही. मी गेलो मुराळी म्हणून.

खानदेशातल्या लेकीला वर्षात सुट्टी एकच, आखाजीची. वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. शेतं रिकामी असतात, आंबे पाडाला आलेले असतात, आणि गावोगावच्या लेकी माहेरी येतात. भाऊ जाऊन बहिणीला आणतो, त्या भावाला म्हणायचं मुराळी. मग निंबाच्या झाडांना झोके, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, आणि नदीच्या दोन काठांवर उभं राहून दोन गावच्या बायांनी एकमेकींना घातलेल्या शिव्या. हो, शिव्याच. वर्षभर सासरी गिळलेलं सगळं त्या दिवशी बाहेर पडतं आणि कुणी रागावत नाही. माझी थोरली बहीण, अक्का, या शिव्यांत आमच्या गावची पैलवान होती. ती काठावर उभी राहिली की पलीकडच्या गावची कुत्री शेपूट घालून मारवड गावाच्या दिशेनं पळायची. एकदा तिच्या आवाजानं झाडावरचा आंबा पडलेला मी स्वतः पाहिलाय. बरं, पाहिला नसेल. पण पडायला हवा होता असा तो आवाज होता.

तिचं लग्न जवळच्याच गावात झालं. दाजी शेतीत रमणारे नव्हते. सुरतेला एका भोजनालयात आचाऱ्याच्या हाताखाली राहिले, स्वयंपाक शिकले, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर दोन-तीन वर्षांत त्यांनी समुद्रकाठी खानावळ टाकली. तीही एका गावात नाही. एक गाव नाही चाललं की दुसरं. तापीकाठची अक्का अशी समुद्राकाठी गेली.

आणि इथेच सगळं अडलं. आमच्याकडे वैशाख म्हणजे लेकीनं घरी यायचे दिवस, आणि समुद्रावरच्या गावांत वैशाख म्हणजे सीझन. दाजी हा शब्द असा उच्चारायचे की जणू देवाचं नाव घेतायत. "पाव्हणं, वर्षाची चूल या दोन महिन्यांवर पेटते. आत्ता हिला नेलंत तर पोळ्या काय समुद्र लाटील?" माणूस वाईट नव्हता. अक्काला त्यानं कधी टाकून बोललेलं मी ऐकलं नाही. पण सुट्टीला आलेल्या जगाला जेवू घालायचं म्हणजे आपल्या बायकोची सुट्टी जाणारच, हे त्याला इतकं साधं वाटायचं की त्याच्याशी भांडताही यायचं नाही.

मी तेव्हा कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात कामाला होतो. हंगाम संपला की चैत्रापासून मोकळा. पहिल्या वर्षी अमळनेरला गाडीत बसलो, सुरतेला उतरलो आणि टांग्यानं डुमसला गेलो. सुरतेची माणसं समुद्रावर येतात ती समुद्राकडे पाठ करून खायला. खमण, भजी, शेव, आंब्याचा रस, घरून आणलेले डबे. काळ्या वाळूवर चादरी पसरायच्या, खायचं, हसायचं, एकमेकांना प्रेमानं अस्सल शिव्या द्यायच्या आणि अंधार पडायच्या आत परत. लाटा येऊन पायाशी लागल्या तर चादर दोन हात मागं ओढायची, घास खाली ठेवायचा नाही. मला ती माणसं फार आवडली. शिवीला मान असलेला मुलूख आमच्याशिवाय दुसरा असेल असं मला वाटलं नव्हतं. म्हटलं, अक्का इथं राणीसारखी असणार.

खानावळीच्या दारात गेलो तर आतून बारीक, गोड आवाज आला, "आवो, बेसो ने." मला वाटलं कुणी गुजराती बाई ठेवलीय कामाला. ती अक्का होती. मला ओळखेपर्यंत तिनं पाणीसुद्धा पुढं केलं होतं. ओळखल्यावर तांब्या तसाच हातात धरून म्हणाली, "भाऊ, तू उना!" तू आलास. एवढंच तिच्या जुन्या आवाजात होतं.

तिथल्या गिऱ्हाइकांसाठी वरणात गूळ घालायचा म्हणून रोज तिचा हात थांबायचा, असं ती सांगत होती. कांदा भाजून केलेला आपला काळा मसाला तिनं एका बरणीत फक्त स्वतःपुरता ठेवला होता. गिऱ्हाईक उठून गेलं की भाताच्या कोपऱ्यावर चिमूटभर घालून खायची, चोरून खाल्ल्यासारखी. दाजींनी तिला सोडलं नाही. ज्येष्ठात आणतो म्हणाले. ज्येष्ठात ते सुरतेला गिरणीकामगारांची खानावळ चालवायचे, तेव्हा ज्येष्ठही गेला. आणि ज्येष्ठात आलेली लेक ही पाहुणी असते, हे त्यांना कोण सांगणार? झोके तेव्हा सोडून ठेवलेले असतात.

मी एकटा घरी आलो तेव्हा माय ओट्यावरच बसली होती. तिनं बैलगाडीत दुसरं कुणी नाही हे पाहिलं आणि पाणी आणायला आत गेली. वडील मी लहान असतानाच गेलेले, तेव्हापासून घरात बोलणारे दोघंच, अक्का आणि मी. आता मी एकटा. मग मी बोलत सुटलो. माय, अक्का काय थाटात राहते! समुद्रातून रोज सकाळी मासे तिच्या दारात येऊन विचारतात, आज कुणाकुणाची पाळी? सुरतेच्या शेठाण्या तिच्या हातची भाकरी रेशमी रुमालात बांधून नेतात. माय हसली. पदरात तोंड लपवून हसली. मला वाटलं, हे बरंय. बहीण आणता येत नाही, हसू तरी आणता येतं.

दुसऱ्या वर्षी खानावळ तिथल नावाच्या गावाला गेली होती. डुमस एका दिवसाचं, तर तिथल महिनाभराचं. मुंबई-अहमदाबादची कुटुंबं हवापालटाला येऊन बंगल्यांत, धर्मशाळांत राहायची. तिथं समुद्र हे औषध होतं. डॉक्टरांनी सांगितलेली माणसं सकाळी अनवाणी ओल्या वाळूवरून ठरलेल्या फेऱ्या मारायची, बोलायची नाहीत, मध्येच उभं राहून नाडी बघायची. नंतर नीरा प्यायची आणि दिवसभर नीरेबद्दल बोलायची. एक म्हातारे शेठ तर समुद्राकडे असे बघायचे की लाट आली नाही तर डॉक्टरला तार करतील. त्यात जैन कुटुंबं पुष्कळ. आमच्या जळगावचेच एक मारवाडी व्यापारी तिथं भेटले. मायदेश राजस्थान, दुकान खानदेशात आणि दुखणं समुद्रावर. त्या सगळ्यांना सूर्य बुडायच्या आत जेवायचं असे. कांदा नाही, लसूण नाही. बाकीचं जग सूर्यास्त बघायला वाळूवर जायचं तेव्हा अक्का चाळीस ताटं घेऊन सूर्याशी शर्यत लावायची. पुढं दोन सीझन काढूनही तिनं तिथला सूर्यास्त एकदाही पाहिला नाही.

त्या वर्षी ती काम करता करता मला विचारत होती. "माय काय करस?"

मी सांगितलं, माय? मायनं परवा शेजारच्या म्हशीला शिंगाला धरून बाजारापर्यंत ओढत नेलं. म्हैस अजून लंगडतेय. अक्का पोळी लाटता लाटता हसली, इतकी की पोळी नकाशासारखी झाली. "आणखी सांग," म्हणाली. मी आणखी सांगितलं. दाजींनी तिला त्याही वर्षी सोडलं नाही, आणि मी परत येऊन मायला तिथलच्या सूर्यास्ताचं असं वर्णन केलं की अक्का रोज संध्याकाळी वाळूवर खुर्ची टाकून बसते असं तिला वाटावं. असा मी दोन्हीकडे माल पोचवत होतो. इकडून तिकडे निरोगी माय, तिकडून इकडे सुखी लेक. दोघी माझ्यावर खूश.

पुढं खानावळ उदवाड्याला गेली आणि तिथं टिकली. मीही दर आखाजीला जात राहिलो आणि एकटा परतत राहिलो.

उदवाडा हे समुद्राकाठचं गाव, पण तिथं येणारी माणसं समुद्रासाठी येत नाहीत. पारशी लोकांचा पवित्र अग्नी तिथं आहे. पांढरे कपडे, काळ्या टोप्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या गोऱ्या म्हाताऱ्या, मुंबईहून आगगाडीनं आणि मग टांग्यानं यायच्या. आधी अग्नीला, मग जेवायला, मग ओटीवरच्या आरामखुर्चीत, आणि मग आठवण झालीच तर समुद्राला. पारशी धर्मशाळांत त्यांचं जेवण असायचं. दाजींकडे यायचे ते त्यांचे टांगेवाले, हिंदू नोकर आणि गाडी चुकलेले. दमण तिथून जवळ. आपल्याकडे दारूबंदी आणि दमणला फिरंग्यांचं राज्य, तेव्हा तिकडून परतणारी काही गिऱ्हाइकं दाजींच्या बाकावर बसून खांबाशी गप्पा मारायची. एकजण तर माझ्यासमोर खांबाला जावई करून घेत होता.

खानावळीची जागा एका पारशी म्हातारीच्या घराची मागची बाजू होती. म्हातारी उंच, वाकलेली, तोंडानं तोफ. उदवाड्याच्या बायका पापड करतात, समुद्राच्या वाऱ्यावर वाळवतात, आणि यात्रेकरू ते घेऊन जातात. ही म्हातारी त्यांतली. अक्कानं एका उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, करून तिच्या पापडांशेजारी खाटेवर घातले. म्हातारीनं एक तोडून खाल्ला, डोळे मिटले, आणि त्या दिवसापासून अक्का तिची दीकरी, म्हणजे लेक, झाली. दोघी दुपारी मागच्या ओसरीवर समोरासमोर बसून लाटायच्या. एकीची भाषा दुसरीला अर्धी कळायची. उरलेली अर्धी त्या मोठ्यानं बोलून भरून काढायच्या. अक्काचा आवाज त्या ओसरीवर थोडा थोडा परत आला, म्हातारी बहिरी होती म्हणून असेल.

मग एका वर्षी माय होळीपासून अंथरुणाला होती. पोट फुगायचं, अन्न जात नव्हतं. गावच्या वैद्यानं पाहिलं, अमळनेरच्या डॉक्टरनं पाहिलं. दोघांनी दोन निराळी औषधं दिली आणि जाताना मला अंगणात बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगितली.

मी मुराळी म्हणून निघालो तेव्हा मायनं मला खाटेजवळ बसवलं. आमच्या घरचा रिवाज होता, मुराळ्यानं लेकीच्या दारात माहेरचं दुखणं न्यायचं नाही. लेक हसत गाडीत बसली पाहिजे. घरी आल्यावर काय ते कळेल. माय म्हणाली, "तिले सांगजो, माय बरी शे. पोर रडत रडत गाडीमा बसाले नको." थोड्या वेळानं म्हणाली, "औंदा लई ये तिले." यंदा तिला घेऊन ये.

दोन्ही गोष्टी एकाच माणसानं, एकाच तोंडानं करायच्या होत्या.

उदवाड्याला पोचलो तर माझ्या आधीच म्हातारीनं लढाई सुरू केली होती. मी ओसरीवर टेकलो न टेकलो तोच ती दाजींवर कडाडली, "अरे मुआ, छोकरीने मोकल नी! एनी माय राह जोती होसे!" पोरीला पाठव, तिची माय वाट बघत असेल. दाजी कानामागं खाजवत उभे. बाहेर बाकांवर गिऱ्हाइकं. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"पाव्हणं, एक खरं सांगा. माय आजारी बिजारी नाहीत ना? असतील तर आजच्या गाडीनं हिला बसवतो, सीझन गेला खड्ड्यात. पण बऱ्या असतील तर ज्येष्ठात मी स्वतः घेऊन येतो. यंदा सुरत नाही, काही नाही. या म्हातारीसमोर शब्द देतो."

अक्का खाटेजवळ लाटत बसली होती, कोपरापर्यंत पिठात. आजारी हा शब्द आला आणि तिचं लाटणं थांबलं. तिनं वर पाहिलं. मी आयुष्यात पुष्कळ चेहरे पाहिले, पण तो चेहरा मला सोसवला नाही. तिच्या तोंडावरचं सगळं रक्त गेलं, आणि मी अजून काही बोललोही नव्हतो. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. हो.

"आजारी?" मी म्हणालो. "माय? अहो दाजी, पंधरा दिवसांपूर्वी तिनं साऱ्या गल्लीच्या मिरच्या एकटीनं कांडल्या. धरणगावची माणसं शिंकत शिंकत विचारायला आली, कोण कांडतंय म्हणून. झोका बांधायला शिडीवर चढली, मी खालून ओरडतोय उतर, तर वरूनच मला निंबाची काडी फेकून मारली. ही बघा खूण." आणि मी कपाळावरची एक जुनी खूण दाखवली.

अक्का हसली. लाटणं परत चालू झालं. म्हातारीला काही कळलं नाही, पण अक्का हसली म्हणून तीही हसली. दाजींनी सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्यासाठी चहा सांगितला. ज्येष्ठाला महिनाच होता. मी मनात म्हटलं, महिनाभर माय काढील. डॉक्टर काय देव आहेत? अशी माझी स्वतःशीसुद्धा थाप मारून झाली. त्या दुपारी त्या ओसरीवर सगळे आनंदात होते. असा आनंद करणं मला नेहमीच फार चांगलं जमत आलंय.

सुरतेला गाडी बदलताना परत फिरावं असं वाटलं. फलाटावर उभा राहिलो, उदवाड्याकडची गाडी समोर उभी होती. पण जाऊन काय सांगणार? की सकाळी मिरच्या कांडणारी माय संध्याकाळी मरायला टेकली? मी आमच्या गाडीत बसलो. मांडीवर अक्कानं मायसाठी दिलेली बिबड्यांची पिशवी होती.

आखाजी झाली. झोके बांधले गेले, गल्लीतल्या लेकी आल्या, आणि माय खाटेवर पडल्या पडल्या प्रत्येकीचा आवाज ओळखायची. ही अमकी, ती तमकी. मला म्हणायची, "उनी का?" मी म्हणायचो, गर्दी आहे, गाड्या भरून चालल्यात, आज नाही तर उद्या. खरं सांगायची वेळ मी आता दोन्हीकडे घालवून बसलो होतो.

आखाजीनंतर चौथ्या दिवशी दुपारी तिचा श्वास बदलला. बाहेर ऊन असं की पाखरू नाही. तिनं डोळे न उघडता तेच विचारलं. आणि मी म्हणालो, "निघाली. आत्ता सुरत सुटली."

मग मला थांबता येईना. अक्का खिडकीशी बसलीय, हिरवं लुगडं, मांडीवर पापडांचा डबा. बारडोली गेलं. व्यारा गेलं. नवापूरला करवंदं विकायला आलेल्या बायांकडून तिनं पानाचा द्रोण घेतला आणि शेजारणीला अर्धा दिला. आता जंगल संपलं, आपला मुलूख लागला. नंदुरबार आलं. बाजारातल्या मिरच्यांचा खकाणा डब्यात घुसला आणि अक्का शिंकली.

मायचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. "तिले मिरचीनी शिंक येत नही," ती म्हणाली.

बरोबर होतं. अक्काला कधीच शिंक यायची नाही. मी म्हटलं, शेजारीण शिंकली माय, मी चुकलो. मायच्या तोंडावर काहीतरी हललं, हसल्यासारखं. मला जोर चढला. दोंडाईचा आलं. गाडी थांबली. इंजिन पाणी भरायला लागलं आणि गार्डाच्या डब्यात कुणाची तरी शेळी शिरली. गार्ड म्हणतो तिकीट दाखव, शेळी त्याची हिरवी झेंडी खाते. आता झेंडी नाही तर गाडी सुटणार कशी? स्टेशनमास्तर धावला, हमाल धावले, साऱ्या गावातून हिरवं कापड शोधू लागले. अक्का खिडकीतून म्हणते, माझ्या लुगड्याचा पदर घ्या, पण गाडी सोडा...

माय गेलेली होती. कधी, ते मला कळलं नाही. मी शेळीत गुंतलो होतो.

तार गेली, अक्का तिसऱ्या दिवशी आली, दाजींसोबत. ओट्यावर चढली, मायची रिकामी खाट पाहिली, शेजारच्या बाया होळीपासूनचं दुखणं सांगत होत्या ते शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मले खोटं काबर सांगं, भाऊ?" का सांगितलंस. तिनं आवाज चढवला नाही. नदीच्या पलीकडची कुत्री पळवणारी बाई ती, मला वाटलं आता तरी ओरडेल, शिव्या देईल, काठावर उभं राहून घालायची तशा. मी वाट पाहत राहिलो. दहा दिवस ती होती, दहाही दिवस तिनं मला वेळेवर जेवायला वाढलं.

पुढच्या आखाजीला मी पुन्हा मुराळी म्हणून गेलो. या खेपेला दाजींनी तिची पेटी स्वतः भरून ठेवली होती, दोन बाया कामाला लावल्या होत्या. "न्या पाव्हणं, पाहिजे तितके दिवस ठेवा," म्हणाले. डोळ्याला डोळा देत नव्हते. अक्का मात्र हलली नाही. "कोणाकडे येऊ?" एवढंच म्हणाली. आखाजीला पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात; आमच्या घरात मायच्या नावाची पहिली घागर भरायची होती, त्यावर खरबूज ठेवायचं होतं. ते तुझ्या बायकोला सांग म्हणाली. माझं लग्न त्याच वर्षी झालं होतं.

दुपारी ती मागच्या ओसरीवर लाटत बसली. पारशी म्हातारी आरामखुर्चीत झोपली होती, वाऱ्यानं खाटेवरचे पापड कडेनं उचलले जात होते. मी शेजारी बसलो. बोलायला तोंड उघडलं तशी ती म्हणाली, "जे व्हतं तेच सांग."

मी सांगितलं. दुखणं, औषधं, "उनी का" म्हणून किती वेळा विचारलं ते, आणि ती दुपार. गाडी, करवंदं, मिरच्यांची शिंक आणि मायनं काढलेली माझी चूक. तिथं अक्कानं पिठाच्या हातानं डोळे पुसले, गालावर पांढरं लागलं. मी दोंडाईचाला येऊन थांबलो.

"मंग?" ती म्हणाली. "कोठलगुन उनी व्हती मी?"

कुठवर आली होती मी. माझ्या जिभेवर अमळनेर होतं. नुसतं अमळनेर नाही, बैलगाडी होती, ओटा होता, मायनं डोळे उघडून तिला पाहिल्याचंसुद्धा होतं. सगळं तयार होतं. असं चांगलं तयार झालेलं मी कधी वाया घालवलं नव्हतं.

"दोंडाईचा," मी म्हणालो.

तिनं पिठाळ बोटांवर राहिलेली स्टेशनं मोजली. शिंदखेडा. नरडाणा. अमळनेर. तीन बोटं तशीच धरून तिनं दुसऱ्या हातानं खाटेवरचा एक उलटलेला पापड सरळ केला. मग बाहेरच्या बाकावरून कुणीतरी पाणी मागितलं, आणि ती उठून आत गेली.